तांदळाच्या डब्यातली फ्लॉपी

लग्नाच्या शूटिंगचा आमचा धंदा. नवरा कॅमेरा धरायचा आणि मी घरी कॉम्प्युटरवर कापाकापी करायचे. संगणकाच्या मासिकाबरोबर फुकट आलेल्या एका सीडीवर मला बीटा सॉफ्टवेअर मिळालं होतं, म्हणजे पुरतं तयार व्हायच्या आधीच लोकांना वापरून बघायला दिलेलं. उघडलं की आधी पाटी यायची, महत्त्वाच्या कामासाठी यावर विसंबू नका. मी ती पाटी रोज बंद करून कामाला लागायचे. विकतचं घ्यायची ऐपत नव्हती आणि महत्त्वाचं काम कोणतं हे ठरवणारे ते कोण?

पण होतं ते लहरी. एकदा एका साखरपुड्याचं सगळं काम त्याने गिळलं. मी इतकी भडकले की नवरा जेवण आटपून सरळ मिरजोळ्याला बहिणीकडे निघून गेला. राग उतरल्यावर माझं डोकं चाललं. चित्रं टेपवर असतातच, ती पुन्हा कॉम्प्युटरवर घेता येतात. आपली मेहनत असते ती प्रोजेक्टच्या फाइलमध्ये, म्हणजे कुठे कापलं, कुठे जोडलं, कोणतं गाणं कुठून सुरू केलं. ती फाइल एवढीशी, फ्लॉपीत मावणारी.

तेव्हापासून एकेक गाणं जुळवून झालं की दोन फ्लॉप्यांवर नक्कल घ्यायची, हा माझा नेम. एक टेबलाच्या खणात. दुसरी स्वयंपाकघरात, घट्ट झाकणाच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीशेजारी. पावसाळ्यात आमच्याकडे चपलांनाही बुरशी धरते. मिठाच्या बरणीत तांदूळ घालतात, मग फ्लॉपीने काय पाप केलंय? मी डबा उघडला की नवरा हमखास विचारायचा, "काय गो, आज भात की लग्न?"

अशातच समुद्राकडच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीच्या निकाहचं काम आलं. तिचे वडील कुवेतला. सुट्टी मिळाली नाही म्हणून एकुलत्या एका लेकीच्या लग्नाला येऊ शकले नव्हते. मी शेवटच्या गाण्यावर आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे त्यांच्या शेजारचा एक जण कुवेतला निघणार होता. सगळ्या आळीचे डबे, लोणची, पापड त्याच्या बॅगेत चढत होते आणि त्यांतच आमची कॅसेट जायची होती. त्याच्यानंतर कोण कधी जाईल, कुणालाच ठाऊक नव्हतं. आदल्या सकाळी मुलीची आई येऊन म्हणाली, "बाय, कॅसेट होईल ना? ते नुसते वाट बघतात."

"होणार," मी म्हटलं.

दुपारी शेवटचं गाणं जोडून सेव्ह करायला गेले आणि सॉफ्टवेअर अडकलं. बंद करून पुन्हा उघडलं तर म्हणे, ही फाइल ओळखता येत नाही. खणातली फ्लॉपी घातली, तर ड्राइव्ह नुसता करकरला. दमटपणाने ती गेलेली. नवरा म्हणाला, "संपलं. त्यांना काय ते सांगून येतो."

"जागचा हलू नकोस," मी ओरडले आणि स्वयंपाकघरात धावले.

तांदळाजवळची फ्लॉपी कोरडी ठणठणीत होती. घातली आणि सगळं लग्न पडद्यावर जसंच्या तसं उभं राहिलं. फक्त शेवटचं गाणं नव्हतं. ते मी पुन्हा जोडलं, त्यात घालायची एक खास जागाही टेपवर पुन्हा शोधून काढली. सासरी जाताना गर्दीतून मुलगी क्षणभर कॅमेऱ्याकडे वळते, हात उचलते आणि म्हणते, "अब्बा, सलाम." दिवेलागणीला कॅसेट तयार झाली. ती पोचवायला नवरा स्कूटरवरून गेला, तेव्हा मी ओट्याशी उभी राहून एकटीच नाचले. लाज कसली?

काही दिवसांनी फोन वाजला. पलीकडे मुलीचे वडील.

"ताई, कॅसेट पोचली. खोलीतल्या सगळ्यांनी बसून बघितली. पोरीनं सलाम केलान ना, तिथं आम्ही परत परत मागं नेतो." मग त्यांनी विचारलं, "अशानं ती झिजेल काय हो?"

"खुशाल झिजू द्या," मी म्हटलं. "दुसरी काढून पाठवीन. तुमच्या लेकीचं लग्न माझ्या तांदळाच्या डब्यात आहे."