इनास सरांचा कारभारी

इनास सर नव्या माणसाशी हात मिळवायचे आणि तो वळला की हळूच शेजारच्याला सांगायचे, "कंजूष म्हातारा." किंवा, "नटवा." किंवा, "भोंदू डॉक्टर." अठराव्या शतकातल्या इंग्रजी प्रहसनांतली ही साच्यातली पात्रं. बहारीनमधल्या, मनामातल्या आमच्या शाळेत सर ती अकरावीला शिकवायचे आणि स्टाफरूममध्ये शोधायचे. "माणसाने फक्त केसांचा टोप काढलाय, मॅडम. आत तोच आहे," म्हणायचे. मला पहिल्याच दिवशी 'फटकळ मोलकरीण' ठरवलं. मी गणित शिकवते, पण सरांचं फारसं चुकलं नव्हतं.

वसईचा हा माणूस दरवर्षी वार्षिक समारंभात शिक्षकांकडून असलं एक स्वतः लिहिलेलं प्रहसन करवून घ्यायचा. कापसाचे टोप मी करायचे. त्या वर्षी त्यांनी कंजूष म्हातारा घेतला. पाहुणे जेवत असताना हा एकेक मेणबत्ती विझवत जातो. आमचे चेअरमन वर्गावर्गांत फिरून स्वतः एसी बंद करायचे. वाचून होताच मी सरांना गाठलं.

"सर, तुमचा व्हिसा संपत आलाय. तुमच्या रियाची दहावी अर्ध्यावर आहे. आत्ता हे कशाला?"

"मी माणूस लिहीत नाही, प्रकार लिहितो. कंजूष स्वतःला काटकसरी समजतो. बघा, तोच जास्त हसेल. व्हिसाचं होईल, इंशाल्ला."

मुलीचं वर्ष बापाच्या व्हिसाला टांगलेलं, आणि हे टोपाला पावडर लावत बसलेले.

प्रयोगाच्या वेळी मी विंगेतून नाटक नाही, पहिली रांग बघत होते. एक मेणबत्ती विझली. चेअरमन हसले. दुसरी विझली, तर मांडीवर थाप मारून हसले. मी श्वास सोडला. तेवढ्यात म्हाताऱ्याचा कारभारी आला आणि मालकाने मान वळवायच्या आत "जी हुजूर" म्हणत तिसरी त्यानेच फुंकली. चेअरमननी शेजारच्या प्रिन्सिपलना कोपर मारलं. "अरे साब, ये तो आप हो!"

मागच्या रांगा खदखदल्या. प्रिन्सिपलही हसले, नुसत्या ओठांनी.

व्हिसा वाढवायची शिफारस प्रिन्सिपलच्याच टेबलावरून जायची. ती गेली नाही. "इंग्लिशला तरुण टीचर हवाय," एवढंच कारण. चेअरमन तर सरांना विचारत होते, पुढच्या वर्षी काय बसवताय?

मनामाच्या नईम भागातल्या सरांच्या घरी मी सामान बांधायला गेले. रिया एकच विचारत राहिली, "डॅड, माय बोर्ड्स?" सर पुस्तकं खोक्यात भरत राहिले. विमानतळावर मला म्हणाले, "कारभारी मी नीट लिहिलाच नव्हता हो. मेणबत्ती फुंकायला कुणीतरी हवा म्हणून घातला. त्याच्याकडे कधी बघितलंच नाही."

रियाने दहावी वसईत दिली, एक वर्ष उशिरा.

समारंभाच्या खुर्च्या अजून मीच मांडून घेते. पहिल्या रांगेत चेअरमन आणि प्रिन्सिपल यांच्या मध्ये फुलदाणीचं टेबल ठेवते. कोपर पोचणार नाही एवढं रुंद.