आतली पाहणी

हसीनाबीचं माहेर धुळ्याचं, मणेरांचं. तिची आई बांगड्यांची टोपली घेऊन घरोघर फिरायची आणि ही लहानपणापासून तिच्या मागं. ज्या घरांत परका पुरुष ओट्याच्या पुढं जात नसे, तिथं या मायलेकी थेट माजघरात जाऊन बसत. बायका हात पुढं करत, सुखदुःखाचं बोलत, आणि हसीनाबी तेवढ्यात सगळं घर डोळ्यांनी पाहून घ्यायची.

लग्न होऊन ती जळगावला आली. तिचा नवरा खाजा भुसावळला रेल्वेत दिव्यांच्या कामावर होता. पुढं जळगावात विजेचे खांब उभे राहिले आणि ऐपतदार माणसं घरात दिवे घ्यायला लागली, तेव्हा खाजानं नोकरी सोडली आणि स्वतः ठेके धरले. जोडीला भिकन सुतार आणि भिंती फोडायला मगन. वायर, बटणं, वायरीखाली ठोकायच्या लाकडी पट्ट्या मालकानं आणायच्या. मजुरी तेवढी खाजाची. मजुरीचा आकडा मात्र आधी सांगावा लागे. एकदा सांगितला की काम वाढलं तरी त्यातच भागवायचं.

खाजाचा हात चांगला होता, पण आकड्यात तो फसायचा. रुपचंदशेटचं काम घेतलं तेव्हा तर पुरताच फसला. शेटनं त्याला बैठक दाखवली, ओटा दाखवला आणि म्हणाला, "आतही असंच आहे." खाजानं दिवे मोजले, दिव्यामागं मजुरी धरली आणि आकडा सांगून मोकळा झाला. काम सुरू झाल्यावर कळलं, आत तसं काहीच नव्हतं. सकाळी सोवळ्याचा स्वयंपाक चाले, तेव्हा कुणी आत पाऊल टाकायचं नाही. दुपारी बायकांची जेवणं. मग म्हातारी आडवी व्हायची. तिघं जण शिडी घेऊन ओट्यावर बसून राहत. संध्याकाळी घटकाभर काम व्हायचं, तोवर दिवेलागण. भिकन आणि मगनला रोज द्यावाच लागला. काम संपलं तेव्हा खाजाच्या हातात काही उरलं नाही.

जेवताना त्यानं हे सगळं हसीनाबीला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "तुम्ही आत गेलाच नव्हता, मग आतल्या कामाची मजुरी काढली कशी?"

"मला आत कोण जाऊ देणार?"

"मला जाऊ देतील," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मला न्या."

खाजा हसला नाही. त्यानं विचारलं, "लोक काय म्हणतील?"

"माझी आई जन्मभर गेली. तिला कोणी काही म्हणालं नाही."

पुढचं काम आलं ते धुळ्याचंच. धनसिंग पाटलांनी शहरात जुनं दुमजली घर विकत घेतलं होतं आणि त्यांना दिवाळीच्या आत दिवे हवे होते. धुळ्यातल्या एका मिस्त्रीनं त्यांना आकडा देऊन ठेवला होता. खाजा पाटलांबरोबर बैठकीत बसला आणि हसीनाबी मागच्या दारानं आत गेली.

पाटलांची बायको प्रमिलाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं आधी हसीनाबीच्या हातांकडं पाहिलं. टोपली नाही, बांगड्या नाहीत.

"मी दिवेवाल्याच्या घरची," हसीनाबी म्हणाली. "माझी माणसं आत यायची त्याआधी तुम्हाला विचारायला आले. कुठली खोली कधी रिकामी असते?"

प्रमिलाबाईला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. ती उठली आणि म्हणाली, "ये वं माय, चाल, दखाडस."

दोघी घरभर फिरल्या. कोठारात दोन कणग्या भिंतीला लागून होत्या; त्या हलवल्याशिवाय वायर पुढं जाणार नव्हती. बैठकीच्या बाजूनं मधली भिंत चुन्यानं गुळगुळीत पांढरी दिसत होती, पण कोठाराच्या बाजूनं गिलावाच नव्हता आणि आतला काळा दगड उघडा पडला होता. पट्टीचे खिळे धरायला भिंतीत लाकडी गिट्ट्या ठोकाव्या लागत. मातीच्या भिंतीत मगन बोलता बोलता भोकं पाडायचा; दगडात एकेका भोकाला छिन्नी बोथट व्हायची. हसीनाबीनं भिंतीवरून हात फिरवला आणि ते लक्षात ठेवलं.

जात्यापाशी आल्यावर प्रमिलाबाई थांबली. "बठ्ठा उजेड बैठकमाच का वं? पहाटे दयतांना माले दाना बी दिखस नही."

"इथं दिवा सांगितलेला नाही?"

"माले कोण इचारस? एक दिवा जातावर जोयजे. तू सांग."

स्वयंपाकघराचं दोघींनी मिळून ठरवलं. पुढच्या आठवड्यात घरची सगळी मंडळी साक्रीला लग्नाला जाणार होती. त्या दिवशी चूल बंदच. तेवढ्यात माणसांनी स्वयंपाकघर उरकायचं. देवघरात भिकननं आंघोळ करून जायचं, खाजानं उंबऱ्याबाहेरून वायर द्यायची. कणग्या घरच्या गड्यांनी आदल्या दिवशी सरकवून ठेवायच्या.

रात्रीच्या मुक्कामाला दोघं तिच्या भावाकडं होती. तिथं बसून खाजानं तिला सगळं विचारलं आणि पहिल्यांदाच मजुरी दिव्यांवर न काढता खोल्यांवर काढली. मधल्या भिंतीला त्यानं जास्त धरली. स्वयंपाकघराला फार कमी, कारण तिथं थांबून राहायचं नव्हतं. जात्यावरचा दिवाही त्यात धरला. शेवटी हसीनाबी म्हणाली, "माझं लिहा."

"तुझं काय?"

"तुम्ही भिकनभाऊचा रोज लिहिला, मगनचा लिहिला. मी आज काय केलं?"

खाजानं थोडा विचार केला आणि लिहिलं : आतली पाहणी, रुपया एक.

सकाळी धनसिंग पाटलांनी कागद वाचला. एकूण आकडा दुसऱ्या मिस्त्रीपेक्षा थोडा वरच होता. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हाई काय शे?"

"माझ्या घरचीनं आत फिरून पाहिलं, त्याचे," खाजा म्हणाला. मान वर करायला त्याला जरा जड गेलं.

पाटील काही बोलायच्या आत दाराआडून प्रमिलाबाईचा आवाज आला, "तो रुपया दी टाका. ती बाईनी माले इचारीसन बठ्ठं ठराई दिधं. दुसरा कोणी इना तर मी चूल सोडाव नही."

पाटलांनी मिशीतल्या मिशीत हसून सुपारी कातरली. काम खाजाला मिळालं.

सगळंच ठरल्यासारखं झालं असं नाही. पाटलांची आई ताईबाई लग्नाहून परतली, देवघरात भिकनला पट्टी ठोकताना तिनं पाहिलं आणि काठी टेकत तिथंच उभी राहिली. देवाला समईच हवी, हा काचेचा फुगा नको, असं तिनं स्पष्ट सांगितलं. हसीनाबीनं सुनेला विचारलं होतं; सासूला विचारायचं राहून गेलं होतं. भिकननं पट्टी काढली. कापलेल्या पट्ट्या जिन्यापाशी कामाला आल्या, एवढंच. त्यानंतर कुठल्याही घरात शिरली की हसीनाबी आधी सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसायला लागली.

दिवाळीच्या चार दिवस आधीच धनसिंग पाटलांच्या घरी दिवे लागले. माणसं बैठकीतला झुंबराचा दिवा पाहायला जमली. प्रमिलाबाई हसीनाबीचा हात धरून तिला जात्यापाशी घेऊन गेली, बटण दाबलं आणि ओंजळभर बाजरी दिव्याखाली पाटावर पसरून बराच वेळ नुसतीच पाहत राहिली.

त्या एका कामामुळं धुळ्याची पाच-सहा घरं मिळाली. पुढं पुढं निरोप यायचा तो खाजाला नव्हे, हसीनाबीला; आणि तोही बायकांकडून. तिच्या रुपयाचा सव्वा झाला, मग दीड. दुसऱ्या महायुद्धात वायर मिळेनाशी झाली, ठेके बंद पडले, तेव्हा तिनं आईची टोपली पुन्हा डोक्यावर घेतली. खाजा दुरुस्त्या करत बसला. त्या दिवसांतही ती घरात शिरली की बायका बांगड्या भरता भरता विचारत, दिवे कधी सुरू करणार? लढाई संपल्यावर पहिली कामं आली ती याच घरांतून.

एका हिवाळ्यात बोदवडला एका नव्या घराची पाहणी करून दोघं स्टेशनवर आली. गाडीला उशीर होता. बाकावर ऊन पडलं होतं. खाजा कागद मांडीवर घेऊन बसला; तिनं माडीचा जिना अरुंद आहे, मोठी शिडी वर जाणार नाही, दोन लहान लागतील असं सांगितलं, त्यानं ते लिहून घेतलं. मग तिनं फडक्यातला पेरू काढला, हातानं दाबून दोन फाका केल्या आणि मोठी त्याला दिली.

"मीठ नाही का?" त्यानं विचारलं.

तिनं पुडी उघडली. समोरच्या फलाटावर कापसाच्या गाठी रचून ठेवल्या होत्या आणि एक हमाल त्यांवर निवांत झोपला होता. दोघं पेरू खात गाडीची वाट पाहत बसली.