थोरलीने जोडलेली इमारत

घरची थोरली सून हॉस्पिटलात राउटर बघते, म्हणजे नक्की काय करते, हे सासूला कितीतरी दिवस उमगलं नव्हतं. ती शेजारणींना सांगायची, आमची सून पेट्यांना वाटा दाखवते. ते काही अगदीच चूक नव्हतं.

त्या सकाळी मात्र पेट्या तोंड शिवून बसल्या होत्या. लहान मुलांच्या जुन्या वॉर्डचं छत गळत होतं, म्हणून दुपारी मुलांना नव्या इमारतीत हलवायचं होतं. पण मुख्य इमारतीतल्या लॅबचे रिपोर्ट तिथल्या पडद्यावर दिसल्याशिवाय एकही खाट हलणार नाही, असं मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

भानगड अशी, की या राउटरांचे एरिया पाडलेले असतात. आपल्या एरियातली गल्लीन् गल्ली प्रत्येकाला पाठ; दुसऱ्या एरियाची खबर मात्र मधल्या एरियाच्याच हातून यायची. मधल्याचा नंबर शून्य. शाळेत ज्याला कुणी विचारत नाही, त्याच्यावाचून इथे पान हलत नाही. नव्या इमारतीची तार मुख्य इमारतीतल्या या शून्यापर्यंत पोचलीच नव्हती, शेजारच्या ओपीडीपाशीच थांबली होती.

थोरलीच्या बरोबरीने काम करणारे मामा, म्हणजे सगळ्या खात्याचेच मामा, म्हणाले होते की चर खणून सरळ तार टाकू, तोवर थांबू. तोवर पोरं काय छत्र्या घेऊन झोपणार, असं थोरलीने विचारलं. तार न टाकताही ओपीडीच्या एरियातून आरपार एक मानलेला दुवा जोडता येतो. मग नवी इमारत शून्याला टेकल्यासारखीच. यावरून दोघांची जुंपली आणि बोलणं बंद झालं.

खात्याची रीत अशी, की राउटरला द्यायचे हुकूम एकाने लिहायचे, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचे, मगच चालू करायचं. थोरलीने रुसव्यात एकटीनेच सगळं उरकलं. दिवे हिरवेगार, पण रिपोर्टांचा पत्ता नाही. तिने पुन्हापुन्हा तपासलं. सगळं बरोबरच दिसत होतं. आपलं लिहिलेलं आपल्याला कधी चुकीचं दिसतं? तिकडे सिस्टर गाद्या गुंडाळून ताटकळत होत्या.

शेवटी नाक मुठीत धरून ती मामांच्या टेबलापाशी गेली.

"मामा, जरा वाचता का?"

"आठवले का मामा?" म्हणत त्यांनी चष्मा चढवला आणि बातम्या दिल्यासारखं वाचायला घेतलं. मध्येच अडले. "हा आकडा कुणाचा?"

"पलीकडच्या राउटरचा."

"त्याच्या एका दाराचा आहे हा. राउटरला दारं पुष्कळ, ओळखीचा आकडा एकच. दुव्याला तो लागतो, बाई."

थोरलीने कपाळावर हात मारला आणि आकडा बदलला. दोघं श्वास रोखून बघत राहिली. दुवा जागा झाला, आणि मुख्य इमारतीच्या वाटा नव्या इमारतीच्या राउटरच्या यादीत भराभरा उमटू लागल्या.

तेवढ्यात सिस्टरचा फोन आला. एका मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट दिसतोय, खाटा हलवू का?

"हलवा," थोरली म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. मामांनी आपल्या चहातला अर्धा बशीत ओतून तिच्यापुढे सरकवला.

"चर खणायचाच आहे हं," ते म्हणाले.

"खणू की मामा. सावकाश खणू."

चहा पिऊन ती खिडकीशी गेली. खाली आवारातून खाटा चालल्या होत्या. एक पोरगा खाटेवर मांडी ठोकून बसला होता आणि ढकलणाऱ्यालाच वाट सांगत होता. शेवटची खाट दारातून आत गेली, तेव्हा कुठे थोरलीला कडकडून भूक लागली.