आमच्या रीडिंगची प्रायमरी

मंडळाचं काम केलं की अंगाला गुलाल लागत नाही, पण किस्से मात्र चिकटतात. झटकले तरी जात नाहीत! माझ्याकडचे बहुतेक दोन हजार आठ सालचे आहेत.

अमेरिकेत तेव्हा एका पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, रंगली होती. एकीकडे अनुभवी बाई, दुसरीकडे तरुण वकील. मत देणं सोडाच, आमच्यातले निम्मे तिकडे कधी गेलेही नव्हते. पण इंग्लंडातल्या आमच्या रीडिंग गावी, मराठी मंडळ जमायचं त्या कम्युनिटी हॉलमध्ये दर शनिवारी हमरीतुमरी!

आमचे अध्यक्ष देशपांडेकाका बाईंच्या बाजूने. "अनुभव लागतो हो! आणि बाई झाली म्हणून काय झालं?"

माझी मैत्रीण वंदना म्हणाली, "मग काका, आपल्या मंडळात अजून बाई अध्यक्ष का नाही?"

"अगं, तिकडे नुसता देश चालवायचाय. इथे गणपती असतो!"

त्याच दिवशी वंदनाने अध्यक्षपदाचा फॉर्म भरला. मला म्हणाली, "इतकी वर्षं खुर्च्या मांडल्या गं. आता एकदा त्या खुर्चीवर बसायचंय मला. मनापासून बसायचंय." आजवर अध्यक्ष बिनविरोधच व्हायचा, त्यामुळे मतपेटी नव्हतीच. बुटांचा खोका आणला.

*

आमच्यातला प्रकाश तरुण वकिलाचा कट्टर भक्त. ऑफिसातल्या गोऱ्यांनाही त्याच्या 'चेंज, चेंज' या घोषणेने वात आणायचा. वंदनाने हक्काने त्याचं मत मागितलं.

"छे गं! इथे कशाला चेंज? काकांना वाईट वाटेल!"

*

मग अमेरिकेसारखी डिबेट झाली. पहिला प्रश्न पार्किंगचा. काका म्हणाले, "विचार करू." वंदना म्हणाली, "मी कौन्सिलशी बोललेय. शाळेचं मैदान मिळतंय." टाळ्या!

मागून एक गृहस्थ उठले. "ते ठीक आहे वंदनाताई, पण तुम्ही अध्यक्ष झालात तर प्रसादाचं कोण बघणार?"

"का? इतकी वर्षं काका करत होते का शिरा?"

देशपांडेकाकूंना असा काही ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

*

त्यानंतर वंदनाला काकूंच्या मताची फार आशा वाटू लागली. घरी गेली तर काकूंनी तिचा हात हातात घेतला.

"तूच लायक आहेस गं, त्यांच्यापेक्षा शंभर पटीने! पण हे आता रिटायर झालेत. अध्यक्षपदही गेलं तर दिवसभर माझ्या किचनमध्ये! मत त्यांनाच देणार बाई."

*

निकालाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. खोका उघडला, मोजणी झाली, शंका नको म्हणून पुन्हा झाली. वंदना एका मताने हरली. फक्त एका! तिचे डोळे भरून आले. पण पोरगी खमकी. काकांना हार तिनेच घातला, वाकून नमस्कारही केला.

"काका, एक सांगू? माझं मत मी तुम्हालाच दिलं. आपणच आपल्या नावापुढे फुली मारायची, कसंतरीच वाटलं. बरं दिसतं का ते?"

काका गहिवरले. "व्वा! याला म्हणतात संस्कार!"

"आणि तुम्ही, काका? तुम्ही कोणाला दिलंत?"

काकांनी गळ्यातला हार नीट केला. "मी ना? मी आपलं योग्य उमेदवाराला दिलं."