मध्ये पडायचं नाही

दादरच्या प्रशिक्षण वर्गात आम्हांला जे काही शिकवलं त्यातलं एकच वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मूल काम करत असताना मध्ये पडायचं नाही. वर्गाच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, त्या हे वाक्य दिवसातून चार वेळा म्हणत. मुलाने मनोरा उलटा रचला, रचू द्या. पाणी सांडलं, सांडू द्या, फडकं कुठे आहे ते त्याला ठाऊक आहे. शिक्षा नाही, तशी शाबासकीही नाही. शाबासकी दिली की मूल स्वतःसाठी काम करायचं सोडतं आणि तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. मला हे तत्त्व फार आवडलं. खरं सांगायचं तर मला मुलंच फारशी आवडत नव्हती, आणि त्यांच्यापासून चार हात लांब राहण्याला इतकं भारदस्त नाव आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

गिरगावातून ट्रामने मी लालबागला यायची. तिथल्या एका चाळीच्या तळमजल्यावर भजनी मंडळाची खोली होती. सकाळपुरती ती आमची बालवाडी. खुंटीला मृदंग, त्याखाली आमच्या साधनांचं बुटकं कपाट. मुलं बहुतेक कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची. त्यांच्या आया मला सांगत, "बाई, ऐकलं नाय तर द्या एक ठेवून." मी मंद हसायची आणि स्वतःला त्यांच्यापेक्षा फार सुधारलेली समजायची.

सुटायच्या आधी शांतीचा खेळ असायचा. मुलं डोळे मिटून बसत. मी दाराशी उभी राहून एकेकाचं नाव अगदी हळू घ्यायची, जेमतेम ऐकू जाईल असं. ज्याचं नाव येईल त्याने आवाज न करता उठून माझ्यापाशी यायचं. नाव येईपर्यंत हलायचं नाही. एरवी खोली डोक्यावर घेणारी पोरंसुद्धा तेवढा नियम पाळत. माझा त्यांच्यावर जो काही अंमल होता तो एवढाच.

मग संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघाले, गोळीबार झाले आणि आमची खोली काही दिवस बंद राहिली. पुन्हा उघडली तेव्हा पाच वर्षांची एक मुलगी एकटीच चालत आली. तिचे वडील गिरणीत मागावर होते. दुपारच्या पाळीला जायचे, म्हणून सकाळी तेच तिला सोडायला येत. ते मोर्चात नव्हतेच. करी रोडला बहिणीकडे जाऊन परत येत होते. गोळी पाठीत लागली.

आठवडाभरात मुलांनी खेळ काढला. निम्मी मुलं "झालाच पाहिजे" ओरडत चटयांवरून यायची, निम्मी कपाटामागून मोजायच्या लाकडी पट्ट्या रोखायची. पडायला मात्र कुणी तयार नव्हतं. एका दांडगट मुलीने त्याचा निकाल लावला.

"हिचा बाप मेलाय. हिला येतं. ही पडेल."

सगळ्यांना पटलं. ती उताणी पडली, मग उठून बसली आणि म्हणाली, "असं नाय. बाबा पालथे पडलेले." मग नीट पालथी पडली. आम्ही घडी घालायच्या सरावासाठी एक पांढरी चादर ठेवली होती, ती मुलांनी तिच्यावर घातली.

मी मध्ये पडले नाही.

चादरीखालून ती उठेना. तेव्हा दांडगट मुलगी माझ्याकडे वळली. "बाई, नाव घ्या ना." शांतीच्या खेळाचा नियम त्यांनी परस्पर या खेळाला लावला होता. मी हळूच तिचं नाव घेतलं. ती उठली, केस मागे सारून हसली. त्या दिवसापासून ती रोज मरायची आणि मी तिला रोज उठवायची.

आठवड्याने मी मोठ्या बाईंना विचारलं, हे थांबवू का.

"दुःख खेळातूनच बाहेर पडतं," त्या म्हणाल्या. "तिचं तिला पुरे झालं की ती आपणहून थांबेल. तुम्ही फक्त टिपून ठेवा."

मी टिपून ठेवलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. 'आज बराच वेळ पडून.' 'आज चादर स्वतः मागितली.' अक्षर सुरेख आहे, आणि ते पाहिलं की माझा मलाच संताप येतो. एकदा ती "नको" म्हणाली, तर एक पोरगा म्हणाला, "तिचा बाप पळत होता, म्हणून पाठीत लागली." ती मुकाट्याने पडली. तेही मी टिपलं, शेजारी वेळ घालून. दादरच्या वर्गात माझी टिपणं मोठ्याने वाचली गेली आणि मला आकाश ठेंगणं झालं.

आणि मग ती खरोखरच थांबली. एका सोमवारी ती गुंड्यांची चौकट घेऊन बसली. चौकटीवर कापडाचे दोन पदर ताणलेले असतात, ते एकमेकांना गुंड्यांनी जोडायचे. मुलं बोलवायला आली, तिने मान वर केली नाही. "पळत होता, पळत होता" असं चिडवून झालं, तरी नाही. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मोठ्या बाईंचा शब्द न् शब्द खरा ठरला होता. ती आपल्या पायांनी तिथे गेली होती आणि आपल्या पायांनी बाहेर आली होती. मी फक्त गप्प बसायचं बाकी होतं, आणि त्यात तर माझा हातखंडा होता.

गुरुवारी मोठ्या बाई पाहुण्यांना घेऊन आल्या. अशाच बालवाड्या काढू पाहणारी चौघं, माझी टिपणं ऐकून खेळ बघायला आलेली. मोठ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "झाला तर झाला. नाही तर नाही." त्या मनापासून म्हणत होत्या.

अर्धा तास गेला. मुलं ठोकळे रचत होती, डाळ-तांदूळ निवडत होती. एका पाहुण्या बाईंनी जांभई दाबली. माझी टिपणं यांना बनावट वाटणार, या विचाराने माझे कान तापले. मी कपाटातली पांढरी चादर काढली आणि त्या मुलीच्या चटईशेजारी नेऊन ठेवली. बोलले काही नाही. आमच्या पद्धतीत बोलायचं नसतंच. वस्तू मांडून ठेवायची, निवड मूल करतं.

तिने चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक गुंडी काजात अर्धी गेली होती. ती तिने मागे काढली. चौकट उचलून कपाटात जागच्या जागी ठेवली, कारण काम संपलं की वस्तू जागेवर ठेवायची असते. मग खोलीच्या मधोमध येऊन पालथी पडली.

इतक्या महिन्यांत मी एकदाच मध्ये पडले, ती अशी.

खेळ रंगला. जांभई देणाऱ्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मोठ्या बाई मात्र चादरीकडेच बघत होत्या. ती कुणी ठेवली ते त्यांनी पाहिलं होतं. तेवढ्यात मुलीची आई दारात आली. नवरा गेल्यावर ती स्वतः गिरणीत लागली होती, त्या दिवशी लवकर सुटली होती. चादरीबाहेर आलेली पावलं ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"ऊठ गो," ती म्हणाली.

चादर हलली नाही. आईने ती ओढून काढली. "ऊठ म्हणते ना."

मुलगी डोळे घट्ट मिटून तशीच. "बाईंनी नाव नाय घेतलं अजून," ती फरशीत तोंड ठेवून म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाव घेतलं. तेही हळूच; मोठ्याने घेता येतं हे सुचलंच नाही. ती उठली.

आईने तिला कडेवर घेतलं. एवढी मोठी मुलगी, तिचे पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. मला वाटलं ती आता शिव्या देईल, आणि देईल तर बरं. पण ती खालच्या आवाजात बोलली.

"ही घरी खिडकीत बसून बापाला हाका मारते. जोरात नाय, अशी हळू. मी म्हटलं, काय गो करतेस. तर म्हणते, हळू नाव घेतलं की मेलेलं माणूस उठतं. मी म्हणायचे, कुणी शिकवलं हिला."

ती वळली. मुलीचा चेहरा आता आईच्या खांद्यावरून माझ्याकडे होता. गालाला फरशीची धूळ लागलेली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बाई, मी नीट पडले ना?"

"छान पडलीस," मी म्हटलं. त्या खोलीत मी कुणाला दिलेली ती पहिली शाबासकी.