मारुतीच्या देवळातली कादंबरी

पान उलटण्याआधी ते त्यावर तळहात ठेवत. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा, तसा. मग देवळाच्या आढ्याकडे पाहत म्हणत, "थांबा बाप्पा. जिरू द्या."

ऐकणारे थांबत. कोणी तंबाखू मळून घेई, कोणी मांडी बदले. काकाजींचा हात उचलला गेला की पुढचं पान.

गेल्या महिन्यात ते गेले. तेव्हापासून मी त्यांच्याविषयी लिहायला बसतो आणि एखाददुसरी ओळ लिहून उठतो. दुःख आहेच, पण त्याहून जास्त कुतूहल आहे. हा माणूस वाचत होता म्हणजे नेमकं काय करत होता, हे मला अजून पुरतं उलगडलेलं नाही.

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. वरवट बकालच्या शाळेत मी मास्तर म्हणून आलो तो नाशिककडून. काकाजींच्या घरातली रस्त्याकडची खोली मला भाड्याने मिळाली. गाव त्यांना काकाजीच म्हणे. नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. थोडी कोरडवाहू जमीन, विहिरीवर मिरची-कांद्याचा मळा, बायको वारलेली, घरात एक लेक. आणि श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचण्याचा मान.

वाचणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोणी जेवताना वाचतो, कोणी झोप यावी म्हणून, कोणी आपण वाचतो हे लोकांना दिसावं म्हणून. मी घाईने वाचणारा. पुढे काय होतं ते कळलं की माझं पुस्तक संपलं. काकाजी मात्र मळ्याला पाणी द्यावं तसे वाचत. एक वाफा पुरता भिजल्याशिवाय दुसऱ्याचं तोंड उघडायचं नाही.

या हट्टापायी त्यांची फजितीही होई. वर्तमानपत्रसुद्धा ते क्रमानेच वाचत. कालचा अंक पुरा झाल्याशिवाय आजचा उघडत नसत, आणि कालचा कधी पुरा होत नसे. त्यामुळे एखादा मंत्री राजीनामा देऊन मोकळा झाला, तरी काकाजींच्या ओसरीत तो अजून शपथच घेत असे. मी ताजी बातमी सांगू लागलो की ते कानावर हात ठेवत. "सांगू नका गुरुजी. मी अजून तिथवर आलो नाही."

एकदा माझ्या हातातलं जाडजूड पुस्तक पाहून त्यांनी विचारलं, "झालं वाचून?"

"झालं."

"काय होतं त्याच्यात?"

मी गोष्ट सांगितली, चांगली रंगवून.

"हे तं सिनेमाची जाहिरात झाली," ते म्हणाले. "वाचता वाचता तुम्ही कुठं अडले, थे सांगा ना."

"अडलो नाही कुठे."

"अरे बाप्पा! एवढ्या मोठ्या पुस्तकात कुठंच नाही?" त्यांना खरोखर नवल वाटलं होतं.

तुम्हाला आमच्या देवळातल्या पोथीची रीत सांगायला हवी. एक जण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. अर्थ सांगायला एक म्हातारे शिंपीबुवा होते. वाचणारा पाटावर बसतो, पोथी चौरंगावर लाल फडक्यात असते, पुरुष पुढे आणि बायका खांबाच्या मागे. एकदा सुरू केलेली पोथी अर्धी सोडायची नसते. आणि पोथीत जे येतं ते ऐकणाऱ्यांपैकी कोणालातरी उद्देशून असतं, असं सगळे मनोमन धरून चालतात.

त्या वर्षी श्रावण संपला, पोथीची समाप्ती झाली, तरी दिवेलागणीला माणसं सवयीने देवळात येऊन बसत. काकाजींनी माझ्याजवळ पुस्तक मागितलं. शाळेच्या कपाटातली एक कादंबरी मी दिली. तिचं पुठ्ठ्याचं वेष्टण गेलेलं होतं, पहिली पानंही नव्हती. तिचं नाव काय आणि ती कोणी लिहिली, हे आम्हाला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कादंबरी लाल फडक्यात, चौरंगावर, तिला हळदकुंकू वाहिलेलं. कोणीतरी नारळही फोडला होता.

त्या कादंबरीत एक बाई आहे. नांदत्या घरातून एके सकाळी ती कोणाला काही न सांगता चालू लागते. काकाजींनी हे वाचलं आणि पानावर हात ठेवला.

शिंपीबुवांनी सवयीने अर्थ सांगितला. "म्हंजे पाहा, बाई म्हंजे जीव. घर म्हंजे देह. जीव देह सोडून गेला."

"बुवा, जीव नाही गेला, बाई गेली," काकाजी म्हणाले. "पायात वहाणा होत्या तिच्या. काऊन गेली?"

"सासूनं छळलं असन," एक जण म्हणाला.

"सासू मागंच मेली. परवा वाचलं ना आपण."

"नवरा पेत असन."

"पेत नाही. लिहेल नाही तसं."

मागून एक तरुण हसला. "बायकाइचं काय काकाजी, मनात आलं का निंगाल्या!"

"मनात काय आलं, थेच तं इचारून राह्यलो बे."

मी म्हणालो, "पुढे वाचा काकाजी, कळेल."

"पुढच्या पानात थे गावाले पोचन. काऊन निंगाली, थे याच पानात हाय."

त्या एका पानावर आम्ही बरेच दिवस बसलो होतो. दुपारी निंदणाऱ्या बायकांना, विहिरीवर पाणी प्यायला आलेल्या वाटसरूला, सगळ्यांना काकाजी तोच प्रश्न विचारत. देवळात मात्र तो विचारला की खांबामागे सगळं चिडीचूप होई. याचं कारण मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. काकाजींची लेक सासरहून आली होती ती परत गेलीच नव्हती. ती रोज खांबामागे बसून ऐकत असे. काकाजींनी तिला घरात घेतलं, तिच्या नावाने गावात कोणाला बोलू दिलं नाही, पण तू का आलीस, हे तिला एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं आणि उत्तर ऐकलं तर पुढे काहीतरी करावं लागेल, याची त्यांना भीती वाटत असावी. हा माझा अंदाज.

अखेर पान उलटलं गेलं. आणि काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की काकाजी आता थांबत नाहीत. आवाज तोच, पण वाचणं सरळ वाहत चाललेलं. मला वाटलं, गोष्टीने त्यांनाही ओढलं असेल.

मग एका संध्याकाळी कादंबरीतली ती बाई परत आली. नवरा उंबऱ्यावर बसलेला होता, तो तिला पाहून रडला, शेजारणीने तिच्या पायांवर पाणी घातलं. खांबामागे बायका डोळे पुसत होत्या. शिंपीबुवांनी हात जोडले. "जीव शिवाले भेटला."

मी चक्रावलो. ती कादंबरी मी एका रविवारी संपवली होती. घाईने का होईना, पण त्यात बाई परत येत नाही एवढं मला आठवत होतं. ती नदीकाठच्या एका गावात राहते, लोकांचे कपडे शिवते आणि म्हातारी होते.

घरी जाताना मी विचारलं, "काकाजी, हे पुस्तकात आहे?"

"डोये गेले माहे, गुरुजी. मोतीबिंदू हाय. अक्षर म्हंजे नुसत्या मुंग्या दिसतात."

"मग वाचत काय होतात?"

"पहिलं पहिलं अंदाजानं. मंग मनानं." ते थांबले. "थे बाई एकटी हिंडून राह्यली होती ना. मले पाहवलं नाही. आणली घरी."

"लोकांना सांगून टाका."

"काय सांगू? उद्यापासून पाटावर दुसरा बसन. इतकी वर्षं बसलो, माह्यापाशी दुसरं काय हाय? तुमी सांगू नका. पाया पडतो तुमच्या."

मी कबूल केलं.

सकाळी हातपाय धुवायला अंगणात आलो तर लेक ओसरीत लुगड्यांच्या घड्या घालत होती. शेजारी पत्र्याची पेटी उघडी होती. काकाजी खाटेवर चहाची बशी धरून बसलेले. आवाजावरून त्यांनी विचारलं, "काय करून राह्यली बेटा?"

"पेटी भरून राह्यले. दुपारच्या मोटारीनं जाईन म्हणते."

"कुठं?"

"नांदाले." ती घडीवर हात फिरवत म्हणाली, "तुमी काल सांगतलं ना."

"मी? मी कवा सांगतलं?"

"पोथीत. बाई घरी आली म्हणून. मले समजलं, बाबा. तोंडानं सांगाले तुमाले जड गेलं असन."

काकाजींनी बशी खाटेखाली ठेवली. मग म्हणाले, "आज नको जाऊ. संध्याकाळी देवळात ये. मंग काय करायचं थे कर."

तो दिवस मी शाळेत कसा काढला, मला आठवत नाही. आधी घरीच का सांगून टाकत नाहीत, असं राहून राहून मनात येत होतं. आता वाटतं, गावादेखत केलेलं त्यांना गावादेखतच मोडायचं होतं. नाहीतर लेक परत गेली नाही तर गाव म्हणालं असतं, पोथीतून सांगितलं तरी हिने ऐकलं नाही.

संध्याकाळी ते पाटावर बसले नाहीत. चौरंगाशेजारी उभे राहिले.

"कालची बाई परत आली नाही," ते म्हणाले. "मी आणली. पुस्तकात तसं नाही. मले डोयानं दिसत नाही, बरेच दिवस झाले. मी तुमाले माह्या मनचं वाचून दाखोलं."

गलका झाला. "देवळात बसून खोटं?" कोणी म्हणालं. शिंपीबुवा मात्र काकुळतीला आले. "राहू द्या ना काकाजी. तुमचंच बरं होतं."

"माहं बरं असन बुवा. पण थे बाई ज्या कारणानं गेली, थे कारण मी पुसून टाकलं. मले काय हक?" मग खांबाकडे तोंड करून म्हणाले, "बेटा, तू चौथी शिकेल हायेस. ये, जिथं मी अडलो होतो तिथून वाच."

"बाईमाणूस पाटावर बसन?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"पोथी असती तं तुमचं आयकलं असतं. हे पुस्तक हाय."

ती आली. पाटावर नाही, पाटाशेजारी सतरंजीवर बसली. काकाजींनी तिला खूप पानं मागे उलटायला लावली, बाई घर सोडते त्या पानापर्यंत. बोटाने अक्षरं लावत ती वाचू लागली. पहाट, अंगणातला सडा, चुलीवर ठेवलेलं दूध, वहाणा, वाट. कारण त्या पानात दिलेलंच नव्हतं. मीही तेव्हाच नीट पाहिलं.

पान संपलं. ती पदर सारखा करून उठू लागली.

"बस," काकाजी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "काऊन गेली असन बेटा थे?"

तिची नजर पुस्तकावर होती.

"तिले तिथं कोणी काही इचारतच नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "दूध तापवू का, इतकंच तिनं इचारायचं. तिले काय पायजे, थे कोणीच नाही."

काकाजी म्हणाले, "अजून?"

"बाकीचं घरी सांगीन."

ते दोघं बरोबर घरी निघाले. मी सतरंजी गुंडाळायचं निमित्त करून बराच वेळ मागे राहिलो. पत्र्याची पेटी दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ्यावर गेली. आत काय बोलणं झालं, मला माहीत नाही, आणि ते माझ्या ऐकण्याचं नव्हतंही.

पुढे खामगावला नेऊन काकाजींचा मोतीबिंदू काढला. जाड भिंगाच्या चष्म्यातून माणसं ओळखू येत, अक्षरं नाहीत. पाटावर ते पुन्हा बसले नाहीत. लेक वाचू लागली आणि काकाजी पुरुषांत सगळ्यात पुढे बसून सगळ्यात त्रासदायक ऐकणारे झाले. "हे परत वाच." "तू गडबडीनं गेलीस." "मले समजलं नाही, कोणाले समजलं?" कादंबरीतल्या बाईला नदीकाठी म्हातारं व्हायला पार होळी उजाडली. लोक कुरकुरले, पण उठून गेले नाहीत.

माझी बदली झाली. अजूनही मी घाईनेच वाचतो. सवय सहजी सुटत नाही. पण पुस्तक मिटल्यावर कुठे अडलो ते स्वतःला विचारतो, आणि कुठेच अडलो नसेन तर ते पुस्तक पुन्हा उशाशी ठेवतो.

काकाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेलो. दुपार होती. त्यांची खाट आवरून भिंतीला उभी केलेली. लेक ओसरीत जमिनीवर बसली होती, केस पिकू लागलेले, मांडीवर पुस्तक. आजवर मी तिला लोकांसाठी वाचताना पाहिलं होतं, बोट फिरवत, मोठ्याने. आता ओठही हलत नव्हते. माझी चाहूल लागली तशी तिने मान वर केली, डोळ्यांनीच बसा म्हटलं, आणि परत पुस्तकात पाहिलं.

मी चपला काढल्या, आवाज न करता ओट्यावर बसलो, आणि तिचं पान संपायची वाट पाहू लागलो.