पिनॅकॉल, पिंप आणि आत्या

एमएस्सीला एका रिॲक्शनने माझं डोकं खाल्लं होतं. पिनॅकॉल नावाच्या रसायनात कडक सल्फ्युरिक ॲसिड घालून तापवायचं. रेणूतून पाणी निघून जातं आणि एका कार्बनवरचा मिथाइल गट उठून शेजारच्या कार्बनवर जाऊन बसतो. सगळं पाठ होतं. पण तोंडी परीक्षेत कुणी ‘का’ विचारलं असतं, तर माझी वाट लागली असती. बसलेली जागा मिथाइलने सोडावीच कशाला?

निवांत विचार करायला घरात कोपरा नव्हता. जोगेश्वरीच्या आमच्या खोलीत खिडकीशी बाबांची खाट आणि समोरच्या भिंतीशी पाण्याचं अवाढव्य पिंप. चाळ पाडून टॉवर झाला, नळाला दिवसभर पाणी आलं, तरी पिंप आमच्याबरोबर लिफ्टने वर आलंच. बाबा ते रोज भक्तिभावाने भरायचे. त्यांना बोलायची आमची टाप नव्हती.

परीक्षा तोंडावर असताना मालवणहून आत्या आली, बाबांची थोरली बहीण. आल्या आल्या तिने विचारलं, “नळाक दिवसभर पाणी येता, मगे ह्या पिंप कित्याक?” बाबा उत्तर जुळवेपर्यंत तिने पिंप रिकामं करून बाहेर काढलंही. मग उघडी भिंत तिच्या डोळ्यांत खुपायला लागली. तिने खाट तिकडे ढकलली आणि मोकळ्या झालेल्या खिडकीशी माझं टेबल मांडलं.

मी खुर्चीत बसून हसत सुटले. ॲसिडही हेच करतं. ते आपला प्रोटॉन चिकटवून कार्बनवरच्या ओएच गटाचं पाणी करतं आणि घालवून देतं. रिता झालेला कार्बन अस्वस्थ होतो, म्हणून शेजारचा मिथाइल आपले इलेक्ट्रॉन घेऊन तिथे सरकतो. त्याच्या जुन्या कार्बनची चिंता नको, त्याला सावरायला ऑक्सिजन असतो. आणि ॲसिडचा प्रोटॉन शेवटी जसाच्या तसा परत मिळतो. आत्याही आमचं घर हलवून, स्वभावात तसूभर फरक न पडता, गावी गेली.

आता बाबा खाट परत ओढणार, या धास्तीने मी पुस्तकात डोकं खुपसलं. ते खिडकीशी येऊन बराच वेळ उभे राहिले. मला राहवेना, मीच विचारलं, टेबल काढू का?

“राहू दे गं. मला हा वारा बाधतो,” ते म्हणाले.

त्याच वाऱ्यासाठी ते जन्मभर आईशी भांडत आले होते.